दिसायला एकच ‘ये’, कोड तीन: उर्दू, फारसी, सिंधी मजकूर संगणकात नीट कसा ठेवावा

उर्दूत ‘मुंबई’ लिहायला पाच अक्षरं लागतात: मीम, मीम, बे, डोक्यावर हम्झा हे छोटं चिन्ह असलेली ये, आणि शेवटी छोटी ये. कागदावर हा शब्द सगळीकडे सारखाच दिसतो, फार तर शेवटी दोन टिंबांचा फरक. संगणकाच्या पोटात मात्र तो निदान चार प्रकारांनी साठवलेला सापडतो. एका प्रकाराने टाइप करून शोधलं की दुसऱ्या प्रकाराने साठवलेली नोंद हाती लागत नाही. ग्रंथालयाची यादी असो, शाळेचं हजेरीपत्रक असो की वर्तमानपत्राचा संग्रह, ‘मजकूर आहे पण सापडत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं नाही. ‘पुऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कोणी नुक्त्याच्या ऱ (यू+०९३१) आणि हलंत वापरून लिहितो, कोणी साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर फरक शून्य, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. अरबी लिपीत हीच भानगड डझनभर अक्षरांत आहे आणि ती भाषेगणिक बदलते.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांच्या हातात असा मजकूर येतो, पण ज्यांना तो सराईतपणे वाचता येतोच असं नाही: मालेगाव-भिवंडीच्या प्रकाशकांसाठी वेबसाइट करणारे, मुंबईतल्या उर्दू दैनिकांचे जुने अंक चढवणारे, उल्हासनगरच्या घराघरांतली सिंधी पुस्तकं स्कॅन करणारे, फारसी कागदपत्रांच्या याद्या करणारे. लिपी येत असेल तर उत्तमच. नसेल तर पुढचं बरंचसं काम कोड पाहूनच करता येतं. कुठे थांबून जाणकाराला विचारायचं, तेही सांगतो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, म्हणजे कोड, देणारी पद्धत. तिचे कोड सोळा अंकी पद्धतीत लिहितात, म्हणजे ० ते ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ. इथे ते देवनागरीत दिले आहेत. इथला प्रत्येक कोड चार स्थानांचा आहे, तेव्हा ०६एएफ म्हणजे शून्य, सहा, ए, एफ.

आधी थोडी पार्श्वभूमी

अरबीची अक्षरं अठ्ठावीस. फारसीला प, च, झ्य आणि ग हवे होते. त्यासाठी असलेल्याच अक्षरांना टिंबं किंवा रेघ वाढवून पे (०६७ई), चे (०६८६), झे (०६९८) आणि गाफ (०६एएफ) तयार झाली. उर्दूने त्यात ट, ड, ड़ यांची भर घातली, त्यांच्या डोक्यावर छोटी तोय (तोय या अक्षराचं लहान रूप) बसते: ०६७९, ०६८८, ०६९१. सिंधीने सगळ्यांवर ताण केली. १८५३च्या सुमारास ब्रिटिशांनी सिंधीसाठी बावन्न अक्षरांची अरबी वर्णमाला पक्की केली. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, १८४७ ते १९३६ पर्यंत. तिथे ट, ड, ड़ साठी छोटी तोय नाही, टिंबं आहेत: ०६७डी, ०६८ए, ०६९९. भ, थ, फ, छ, ध, ढ यांना स्वतंत्र अक्षरं आहेत. आत ओढून उच्चारायच्या चार व्यंजनांना वेगळी (०६७बी, ०६८४, ०६८एफ, ०६बी३), आणि आपला ण सुद्धा आहे, ०६बीबी.

युनिकोडचं धोरण इथे समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टिंबं वाढवून झालेलं अक्षर हे युनिकोडच्या लेखी मूळ अक्षर अधिक टिंबं असं नसतं, ते स्वतंत्र अक्षर असतं. ‘बे’ला खाली टिंबं चिकटवून ‘पे’ होत नाही. अपवाद हम्झा आणि मद (अलिफवर बसणारी नागमोडी रेघ) यांचा. ही चिन्हं वेगळी जोडता येतात आणि जोडलेल्या रूपालाही कोड आहे. म्हणून हम्झाच्या जागी विशेष गोंधळ होतो. त्याकडे नंतर येऊ.

पहिली पायरी: भाषा ठरवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच लोक ती गाळतात. इंटरनेटवर ‘अरबी लिपीचं शुद्धीकरण’ करणाऱ्या तयार स्क्रिप्टा मिळतात. त्या बहुतेक फारसी किंवा अरबी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. भाषा न बघता त्या चालवल्या तर मजकूर शुद्ध होण्याऐवजी बाटतो.

चार भाषांतल्या तीन अक्षरांची तुलना पुरेशी आहे. अरबीत ये ०६४ए, काफ (क) ०६४३, ‘हे’ (ह) ०६४७. फारसीत ये ०६सीसी, काफ ०६ए९, ‘हे’ मात्र अरबीचीच ०६४७. उर्दूत ये आणि काफ फारसीसारखे, पण ‘हे’ दोन: गोल हे ०६सी१ आणि दोचश्मी हे ०६बीई. शिवाय बडी ये, ०६डी२. सिंधीत ये पुन्हा अरबीची, दोन टिंबांची ०६४ए. आणि काफ? तिथे क साठी ०६एए हे लांब पसरलेलं अक्षर, तर उर्दूचा क म्हणजे ०६ए९ हा सिंधीत ख आहे.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. सिंधीत ‘कारो’ म्हणजे काळा आणि ‘खारो’ म्हणजे खारट. दोहोंत फरक एका अक्षराचा, ०६एए आणि ०६ए९. ‘सगळे काफ एक करून टाका’ असा नियम चालवला की काळं आणि खारट एक होतं. युनिकोडमध्ये ०६ए९चं नावही सिंधीवरून ‘केहेह’ असं पडलं आहे. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही हा नियम असल्याने उर्दूच्या क ला जगभर सिंधीच्या ख चं नाव चिकटलेलं आहे, आणि नवा प्रोग्रामर हमखास तिथे चकतो.

भाषा ओळखायची कशी? मजकुरात ०६७९, ०६८८, ०६९१ किंवा ०६डी२ भरपूर असतील तर उर्दू. ०६७डी, ०६८०, ०६एए, ०६बीबी दिसले तर सिंधी. पे, चे, गाफ आहेत पण ट-ड गटातलं काहीच नाही, तर फारसी असण्याची शक्यता जास्त. एका फायलीत दोन भाषा असतील तर परिच्छेदागणिक ठरवा. धार्मिक पुस्तकांत उर्दू मजकुरामध्ये कुराणातल्या अरबी आयती असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांची अक्षरं अरबीच राहिली पाहिजेत. काम सुरू करण्याआधी अशा ओळींना खूण करून बाजूला ठेवावं.

दुसरी पायरी: मजकूर कुठून आला ते पाहा

मजकुराचा उगम कळला की रोगाचं निम्मं निदान झालं.

पडद्यावर तिरकी रेघ मारलेले ओ आणि डोक्यावर चिन्हं असलेले यू यांची रांग दिसत असेल तर फाइल बहुधा धडधाकट आहे, फक्त यूटीएफ-८ (युनिकोड बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) मधला मजकूर चुकीच्या सांकेतिक पद्धतीने उघडला आहे. अरबी विभागातलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये दोन बाइट घेतं. पहिला बाइट डी८ किंवा डी९ असेल तर अक्षर ०६०० ते ०६७एफमधलं, आणि डीए किंवा डीबी असेल तर ०६८० ते ०६एफएफमधलं. म्हणजे निव्वळ अरबी मजकुराच्या कचऱ्यात ओ आणि एकाच प्रकारचा यू दिसतो. यूचे आणखी दोन प्रकार दिसू लागले की आत फारसी, उर्दू किंवा सिंधीची वाढवलेली अक्षरं आहेत असं समजावं. अशी फाइल ‘सेव्ह’ न करता बंद करा आणि यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडा. तशीच सेव्ह केली तर कचरा कायमचा होतो.

जुना मजकूर विंडोज-१२५६ या कोडपेजमधला (युनिकोडपूर्वीच्या अक्षरसंचातला) असेल तर वेगळी गोष्ट. त्यात पे, चे, गाफ होते, उर्दूच्या ट-ड आणि बडी येलाही नंतर जागा मिळाली, पण फारसी-उर्दूच्या छोट्या येला, ०६सीसीला, जागा नव्हती. मग लिहिणाऱ्यांनी अरबी ये ०६४ए किंवा बिनटिंबांची अलिफ-मक्सुरा ०६४९ वापरून वेळ मारून नेली. आज डेटाबेसमध्ये तीन-तीन ‘ये’ दिसतात त्यामागचं हे एक मोठं कारण. टाइप करणाऱ्याचा आळस नव्हता तो, कीबोर्डवर अक्षरच नव्हतं.

इनपेज या उर्दू छपाईच्या सॉफ्टवेअरच्या फायली हा आपल्याकडचा खास प्रकार. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नूरी नस्तालीक हा फाँट तयार झाला (नस्तालीक म्हणजे उर्दूचं तिरकं उतरणारं वळण). त्यात एकेक अक्षर नव्हे तर हजारो जोडाकृती होत्या. नव्वदच्या दशकात इनपेजने तो डेस्कटॉपवर आणला आणि उर्दू छपाई त्यावरच चालू लागली. जुन्या आवृत्त्यांची सांकेतिक पद्धत त्यांची स्वतःची होती. त्या फायली साध्या संपादकात उघडल्या की अर्थहीन रोमन चिन्हं दिसतात. त्यासाठी परिवर्तक वापरावा लागतो. परिवर्तन झाल्यावर पानभर मजकूर मूळ छापील पानाशी ताडून पाहिल्याशिवाय उरलेल्या हजार पानांना हात घालू नये. परिवर्तकाने एक अक्षर चुकवलं असेल तर ते सगळीकडे एकाच तऱ्हेने चुकलेलं असतं, त्यामुळे एका पानावर सापडलेली चूक सगळी पानं वाचवते.

पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात तिसरीच गंमत असते. अरबी लिपीत अक्षराचं रूप शब्दातल्या जागेनुसार बदलतं. हे काम फाँटचं, पण जुन्या यंत्रणांसाठी युनिकोडने या आकारांनाही कोड दिले: एफबी५० ते एफडीएफएफ आणि एफई७० ते एफईएफएफ. पीडीएफ हे आकारांचे कोड बाहेर काढतं, कधी शब्दही उलटे येतात. एफ-ने सुरू होणारे कोड दिसले की समजायचं, हा मजकूर नव्हे, मजकुराचं चित्र आहे.

तिसरी पायरी: अक्षरांची मोजणी

दुरुस्तीला लागण्याआधी फायलीत कोणता कोड किती वेळा आला याची यादी काढा. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ हे मॉड्यूल आहे, त्यातलं ‘नेम’ फंक्शन प्रत्येक कोडचं अधिकृत नाव देतं. पाच ओळींचं काम आहे. प्रोग्रामिंग येत नसेल तर वर्डमध्ये अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी कोड दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. लिब्रेऑफिसमध्येही हीच युक्ती चालते. ‘पुढे’ म्हणजे इथे डावीकडे, हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं.

ही यादी वाचायची एक नजर तयार होते. उर्दू फायलीत ०६सीसी हजारोंनी आणि ०६४ए दोन-चार डझन असतील तर ते थोडके पाहुणे कोणत्या शब्दांत आहेत ते बघा. बहुतेकदा ते एकाच माणसाने किंवा एकाच स्रोतातून आलेल्या नोंदींमध्ये गोळा झालेले असतात. दोन्ही निम्मे-निम्मे असतील तर दोन कीबोर्डांवर काम झालं आहे, आणि दुरुस्तीइतकंच पुढची आवक थांबवणंही गरजेचं आहे. यादीत ०६४० (कशिदा, म्हणजे अक्षर लांबवायची रेघ), २००सी, २००ई, २००एफ अशी न दिसणारी माणसंही बसलेली असतात. त्यांची नोंद घ्या, अजून हाकलू नका.

चौथी पायरी: दुरुस्ती, आणि तिचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आकारांचे कोड मूळ अक्षरांत आणा, मग एनएफसी सामान्यीकरण (सुटं अक्षर आणि चिन्ह जोडून एकच कोड करणं) करा, आणि शेवटी भाषेनुसार अक्षरं बदला.

आकारांचे कोड काढायला एनएफकेसी सामान्यीकरण (दिसण्यापुरते वेगळे कोड साध्या अक्षरांत आणणारं) कामी येतं, पण ते सगळ्या फायलीवर फिरवू नका, फक्त वर दिलेल्या दोन पट्ट्यांतल्या कोडवर चालवा. नाहीतर मजकुरातले वर लिहिलेले टीपांचे आकडे साधे होऊन बसतात. हे आधी का, याचं उदाहरण एफडीएफए. पैगंबरांच्या नावानंतर येणारं दुआचं चिन्ह एकाच कोडमध्ये आहे. एनएफकेसीने ते उलगडलं की एकदम अठरा कोड बाहेर पडतात आणि त्यातली ‘ये’, ‘हे’ अरबी पद्धतीची असतात. अक्षरं बदलून झाल्यावर हे केलं तर स्वच्छ झालेल्या मजकुरात अरबी अक्षरं नव्याने शिरतात. खरं तर मी हे चिन्ह तसंच ठेवतो. उर्दू वाचकाला ते चिन्हच ओळखीचं आहे.

आता ‘मुंबई’कडे परत. बरोबर उर्दू रूप: ०६४५, ०६४५, ०६२८, ०६२६, ०६सीसी. यातला ०६२६ म्हणजे हम्झा असलेली ये. युनिकोडच्या व्याख्येनुसार तो अरबी ये ०६४ए अधिक हम्झा ०६५४ यांच्याइतका आहे. उर्दू ये ०६सीसीशी त्याचं नातं नाही. समजा तुमचा मजकूर सुट्या रूपात, म्हणजे एनएफडीमध्ये आला. काही जुन्या मॅक संगणकांवरची फायलींची नावं अशीच यायची. त्यात चौथं अक्षर ०६४ए आणि ०६५४ असं फुटलेलं असेल. आता तुम्ही उत्साहाने ‘०६४एच्या जागी ०६सीसी’ हा नियम चालवलात तर तिथे ०६सीसी आणि ०६५४ अशी जोडी तयार होते. ही जोडी एनएफसी कधीच परत जुळवत नाही, कारण तिच्यासाठी जोडकोडच नाही. काही फाँटांत वर हम्झा आणि खाली दोन टिंबं असं विचित्र रूपही उमटतं. म्हणून आधी एनएफसी, त्यानंतर नियम. आणि आधीच कोणी हा घोळ करून ठेवला असेल त्यासाठी वेगळा नियम: ०६सीसी किंवा ०६४९च्या मागोमाग ०६५४ आला तर दोहोंच्या जागी ०६२६.

याउलट ०६सी२, म्हणजे हम्झा असलेली गोल हे, ती उर्दूच्याच ०६सी१वर आधारलेली आहे, आणि ०६डी३ बडी येवर. तिथे हा धोका नाही. एनएफसी केलं की आपोआप जुळतात.

ये आणि काफ उर्दू-फारसीत सोपे आहेत: ०६४ए आणि ०६४९च्या जागी ०६सीसी, ०६४३च्या जागी ०६ए९. उर्दूत अरबी नावांच्या शेवटी ०६४९ मुद्दाम लिहिलेला असू शकतो, पण त्यावर छोटा अलिफ ०६७० असला तरी ०६सीसी वापरून रूप बरोबर दिसतं. सिंधीत यातला एकही नियम चालवायचा नाही. तिथे उलट ०६सीसी दिसला तर तो बहुधा उर्दू कीबोर्डवरून आलेला असतो आणि ०६४ए व्हायला हवा. ०६४३ दिसला तर तो क म्हणून आलाय की ख म्हणून, हे वाचूनच ठरवावं लागतं.

खरी डोकेदुखी ‘हे’ या अक्षराची. उर्दूत गोल हे म्हणजे ह, आणि दोचश्मी हे म्हणजे आधीच्या व्यंजनाला महाप्राण करणारी खूण. ‘कहा’ लिहायचं तर ०६ए९, ०६सी१, ०६२७. ‘खा’ लिहायचं तर ०६ए९, ०६बीई, ०६२७. ‘पहला’ आणि ‘फला’ यांच्यातही हाच फरक. अरबी कीबोर्डवर दोन्हींसाठी एकच ०६४७ आहे, शब्दाच्या मध्यात तो दोन डोळ्यांचा दिसतो, त्यामुळे टाइप करणाऱ्याला काही चुकतंय असं वाटतही नाही. शिवाय जुने कातिब, म्हणजे हाताने लिहिणारे लेखनिक, या दोन ‘हे’ एकमेकींच्या जागी बिनदिक्कत लिहायचे. म्हणजे ०६४७च्या जागी सरसकट ०६सी१ टाकला की लोक ‘खाण्या’ऐवजी ‘म्हणू’ लागतात.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेली वाटणी अशी. ०६४७ शब्दाच्या सुरुवातीला असेल, किंवा अलिफ, वाव, ये यांच्यामागून आला असेल, तर तो निःशंक ०६सी१. आजच्या लेखनात दोचश्मी हेने शब्द सुरू होत नाही, तेव्हा सुरुवातीचा ०६बीईसुद्धा ०६सी१ करता येतो. बे, पे, ते, टे, जीम, चे, दाल, डाल, ड़े, काफ, गाफ यांच्यामागून आला असेल तर दोन्ही शक्यता खुल्या. असे शब्द वेगळ्या यादीत काढा, दोन्ही रूपं समोर ठेवून शब्दकोशात तपासा. एकच रूप सापडलं तर ते घ्या. दोन्ही सापडली तर उर्दू वाचणाऱ्या माणसाकडे वाक्यासकट द्या. लाम, मीम, नून यांच्यामागेही क्वचित महाप्राण येतो, ‘तुम्हारा’सारख्या शब्दात, तेव्हा तीही याच यादीत. यंत्राने इथे अंदाज बांधू नये असं माझं ठाम मत आहे, कारण चुकलेला अंदाज अर्थपूर्ण शब्दच देतो आणि पुन्हा कधी पकडला जात नाही.

नून-गुन्ना, ०६बीए, ही उर्दूतली बिनटिंबाची अनुनासिक नून, शब्दाच्या शेवटीच येते. ती मध्यात सापडली तर बहुधा दोन शब्द चिकटले आहेत. त्यातून पुढच्या प्रश्नाकडे जाता येतं.

पाचवी पायरी: मोकळी जागा

अलिफ, दाल, रे, वाव आणि त्यांच्या कुटुंबातली अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. म्हणून ‘और’सारखा शब्द रेवर संपला की पुढे स्पेस न देताही तो सुटाच दिसतो. टाइप करणारे ती स्पेस गाळतात. उलट, एखाद्या जोडशब्दाचे दोन भाग चिकटू नयेत म्हणून मध्येच स्पेस मारतात. फारसीत त्यासाठी २००सी हा न दिसणारा विभाजक आहे आणि तो शुद्धलेखनाचा भाग आहे. तो काढला तर क्रियापदं बिघडतात. उर्दूतही जाणकार तो वापरतात. त्यामुळे मूळ मजकुरातून २००सी सरसकट काढू नका. २००ई, २००एफ आणि २०२ए ते २०२ई ही दिशेची चिन्हं मात्र नावांच्या आणि शीर्षकांच्या रकान्यात बहुतेक वेळा कॉपी-पेस्टची घाण असते, ती पुसायला हरकत नाही.

सहावी पायरी: मूळ वेगळं, शोधाची किल्ली वेगळी

दुरुस्त मजकूर एका रकान्यात आणि शोधासाठी सपाट केलेलं रूप दुसऱ्या रकान्यात ठेवा. सपाट रूपात ०६४बी ते ०६५२ मधल्या मात्रा, ०६७०, कशिदा आणि २००सी काढून टाका, ०६२२चा साधा अलिफ करा, ०६२९ आणि ०६सी३ एक करा, तिन्ही ये एक करा. उर्दूत शोधापुरती तिन्ही ‘हे’ एक केली तरी चालतात. ‘कहा’ शोधताना ‘खा’ही येईल, पण काही निसटणार नाही. सिंधीत ०६एए आणि ०६ए९ इथेही वेगळेच ठेवा. शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्दही याच गाळणीतून काढून मग ताडायचा. हे विसरलं की सगळी मेहनत पाण्यात जाते.

पायरी चारमधल्या दुरुस्तीबद्दल मनात शंका असेल तर मूळ रकाना न बदलता नुसती ही किल्ली करा. ऐतिहासिक कागदपत्रांच्या बाबतीत मी तेच सुचवेन. कागदावर जसं लिहिलंय तसं ठेवावं, आणि शोधाची सोय बाजूने करावी.

क्रम आणि आकडे

अकारविल्हे लावताना कोडच्या चढत्या क्रमावर विसंबू नका. अरबीची मूळ अक्षरं ०६२१ ते ०६४एमध्ये बसली आहेत आणि पे, चे, गाफ त्यांच्या नंतर. कोडनुसार लावलं तर ‘प’ची सगळी नावं यादीच्या तळाशी जातात, जिथे ती बेच्या पाठोपाठ असायला हवी होती. आयसीयू या सॉफ्टवेअर-लायब्ररीत उर्दू आणि फारसीचे स्वतंत्र क्रम आहेत, ते वापरा.

आकड्यांचे दोन संच आहेत: अरबीचे ०६६० ते ०६६९, आणि फारसी-उर्दू-सिंधीचे ०६एफ० ते ०६एफ९. चार, सहा, सात यांचे आकार फारसीत आणि उर्दूत वेगळे दिसतात, पण कोड तेच. आकार निवडायचं काम फाँट भाषेची खूण पाहून करतो. म्हणून वेबपानावर उर्दूसाठी ‘यूआर’, सिंधीसाठी ‘एसडी’ ही भाषेची खूण द्यायलाच हवी, नुसती उजवीकडून डावीकडे अशी दिशा देऊन भागत नाही. फोन नंबरच्या रकान्यात आणखी एक खोड आहे. रकान्यात नुसता नंबर असेल, मध्ये आडवी रेघ असेल, आणि आकडे ०६६०च्या संचातले असतील, तर रेघेच्या दोन बाजूंचे भाग जागा बदलून दिसतात. ०६एफ०च्या संचात तसं होत नाही. अक्षरांच्या मागोमाग आलेले आकडे मात्र दोन्ही संचांत सारखेच वागतात. त्यामुळे एका पानावर बरोबर दिसणारा नंबर दुसऱ्या पानावर उलटतो आणि दोष डेटाबेसला मिळतो. फोन नंबर साध्या रोमन आकड्यांत साठवावेत, हा यावरचा सरळ उपाय.

फाँट, कीबोर्ड आणि न सापडणारं अक्षर

मजकूर बरोबर असून शब्दाच्या मध्येच एखादं अक्षर सुटं, वेगळ्या वळणाचं दिसलं तर फाँटात ते अक्षर नाही आणि संगणकाने दुसऱ्या फाँटातून उसनं आणलं आहे. नस्तालीक फाँट बहुधा उर्दूपुरते बनलेले असतात, सिंधीची बावन्न अक्षरं सगळ्यांत नसतात, आणि सिंधी वाचकाला नस्तालीकपेक्षा नस्ख या सरळ ओळीत बसणाऱ्या वळणाची सवय आहे. तेव्हा सिंधीसाठी नस्ख घ्या. फाँट निवडताना ०६७बी, ०६८४, ०६८एफ, ०६बी३, ०६बी१ आणि ०६बीबी ही सहा अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी टाइप करून बघा. उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ फुकट मिळतो. ओळींमध्ये जागा भरपूर सोडा, नस्तालीकची अक्षरं तिरकी उतरतात आणि मराठी मजकुराच्या ओळीच्या उंचीत डोकी कापली जातात.

माहिती भरणाऱ्यांच्या संगणकावर आणि फोनवर त्या-त्या भाषेचा कीबोर्ड आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा. अरबी कीबोर्डवर उर्दू लिहिणारा माणूस ट-ड साठी कुठून तरी कॉपी-पेस्ट करत असतो आणि बाकी सगळं अरबी कोडमध्ये टाकत असतो. भरण्याच्या फॉर्मवरच ०६४ए आणि ०६४३ आले की ते बदलून घेणारा नियम उर्दूपुरता बसवता येतो. ०६४७ आला तर मात्र इशारा द्यावा, परस्पर बदलू नये.

आणि हवं ते अक्षर युनिकोडमध्ये नसेलच तर? आधी नीट शोधा, कारण वाढवलेली अक्षरं एका ठिकाणी नाहीत. ०६०० ते ०६एफएफशिवाय ०७५० ते ०७७एफ, ०८७० ते ०८९एफ आणि ०८ए० ते ०८एफएफ या पट्ट्याही बघा. काश्मिरीची एक विशिष्ट ये ०६२० वर आहे, ती २०१० साली आली. शाहमुखी पंजाबीत, म्हणजे अरबी लिपीत लिहिलेल्या पंजाबीत, आपल्यासारखा ळ आहे. लामवर छोटी तोय बसवून तो लिहितात. त्याला कोड मिळाला २०२० मध्ये, युनिकोडच्या तेराव्या आवृत्तीत: ०८सी७. त्याआधीच्या डिजिटल मजकुरात तिथे साधा लामच सापडेल. असं अक्षर हाती आलं तर जवळच्या अक्षराला वरून सुटी चिन्हं चिकटवून आकार जमवू नका, आणि खासगी वापराच्या पट्टीतला कोडही कायमचा म्हणून घेऊ नका. जवळचं मूळ अक्षर लिहा, मजकुरात खूण ठेवा, छापील पानाचं चित्र जपून ठेवा. नव्या अक्षराचा प्रस्ताव युनिकोडकडे कोणीही पाठवू शकतो, आणि तिथे पहिली मागणी असते ती छापील वापराच्या नमुन्यांचीच. कोड मिळाला तरी फाँट आणि कीबोर्ड त्याला ओळखू लागेपर्यंत आणखी काही वर्षं जातात, तोवर ती खूणच उपयोगी पडते.